हातातील सोंगटी आणि अंतःकरणातील क्रम

“तुमच्या जीवनात सर्वांत मोलाचे काय?” असा प्रश्न कोणी केला, तर उत्तर देण्यास आपणांपैकी बहुतेकांना फारसा वेळ लागणार नाही. देवाची भक्ती, कुटुंब, सत्य, वडीलधाऱ्यांचा मान, गोरगरिबांविषयी कळवळा. ही उत्तरे लहानपणापासून आपल्या जिभेवर बसलेली असतात. ती खोटी असतात असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु हाच प्रश्न जरा निराळ्या शब्दांत विचारून पाहा: “गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते दहा या वेळात तुम्ही काय केले, आणि तेच का केले?” येथे आपण थबकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण मुखाने देतो. दुसऱ्याचे उत्तर आपल्या हातापायांनी, आपणांस न विचारता, आधीच देऊन ठेवलेले असते.

या दोन उत्तरांतील अंतर कमी व्हावे असे प्रत्येक सद्‌भावी मनुष्यास वाटते. त्यासाठी आपण निश्चय करतो, उपदेश ऐकतो, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी वहीत काही लिहून ठेवतो. वहीतील पान पुढे सहसा कोणी उलटून पाहत नाही. या पाठात आपण एका वेगळ्या साधनाचा विचार करणार आहोत. ते साधन म्हणजे खेळ. आणि तोही पाहण्याचा नव्हे, तर हाताने मांडण्याचा, सोंगट्या हलविण्याचा, चिंचोके मोजण्याचा खेळ. आपल्या अंतःकरणातील मोलाच्या गोष्टींचा क्रम आणि आपले रोजचे निर्णय यांचा मेळ बसतो की नाही, हे असा खेळ आपणांस दाखवू शकतो का?

गंभीर गोष्टीसाठी खेळ?

काही वाचकांस हा विचार पोरकट वाटेल. अशा वाचकांनी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय पुन्हा वाचून पाहावा. यरुशलेमेवर येणारे संकट लोकांना कळावे म्हणून संदेष्ट्याला काय करण्यास सांगितले गेले? एक वीट घेऊन तिच्यावर नगराचे चित्र कोरावे, तिच्याभोवती वेढा मांडावा, मोर्चे उभारावे, आणि आपण व ती वीट यांच्यामध्ये लोखंडाचा तवा भिंतीसारखा उभा करावा. एखादे लहान मूल अंगणात जे करते, तेच एका प्रौढ याजकाने सर्वांच्या देखत करावयाचे होते. शब्दांनी ज्यांचे कान बधिर झाले होते, त्यांच्या डोळ्यांपुढे वीट आणि तवा ठेवला गेला.

नाथान आणि दावीद यांची गोष्ट तर याहून मार्मिक आहे. दावीद राजाने बथशेबेला नेले व तिच्या पतीस मरणाच्या तोंडी दिले, यावर नाथानाने प्रथम एक शब्दही उच्चारला नाही. त्याने एका गरिबाची एकुलती एक मेंढी आणि ती हिरावून घेणारा श्रीमंत अशी मांडणी राजापुढे केली, व निवाडा राजाच्या हाती सोपविला. दावीदाने संतापून जो निवाडा दिला तो योग्यच होता. न्यायाविषयीची त्याची जाणीव शाबूत होती. केवळ ती त्याच्या स्वतःच्या घरापर्यंत पोहोचली नव्हती. दुसऱ्याची म्हणून मांडलेली बाब निवाडा झाल्यावर आपलीच निघाली, त्या क्षणी अंतर मिटले. कल्पित मांडणीत आपण अधिक प्रामाणिक असतो, कारण तेथे स्वतःचा बचाव करण्याची घाई नसते. खेळाचे सारे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

म्हैसूरचे पट

खेळाकडे गांभीर्याने पाहणारे नगर आपल्या देशात शोधावयाचे झाले, तर म्हैसूरचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मुम्मडि कृष्णराज वडेयर, म्हणजे तिसरे कृष्णराज, हे १७९४ साली जन्मले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, त्यांना गादीवर बसविण्यात आले. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, आणि १८६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा राजा बहुतांशी नावाचाच राजा राहिला. सत्ता गेलेल्या या राजाने विद्या, चित्रकला आणि खेळ यांत आपले चित्त गुंतविले. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या नऊ भागांच्या प्रचंड ग्रंथाचा शेवटचा भाग ‘कौतुकनिधि’ आहे, आणि त्यात खेळांचे वर्णन आहे. बुद्धिबळातील घोड्याने प्रत्येक घरात एकदाच जाऊन सारा पट कसा फिरावा, या कोड्याची त्यांना विशेष गोडी होती. गंजिफा, सोंगट्या, नव्याने रचलेले पट यांचा त्यांना ध्यासच होता म्हणा ना. जगन्मोहन राजवाड्यातील रंगमहालाच्या भिंतींवर असे पट रंगविलेले आहेत. त्याच नगरातील रामसन्स कला प्रतिष्ठान या संस्थेने अलीकडच्या काळात ‘क्रीडा कौशल्य’ या नावाने जुन्या खेळांची प्रदर्शने भरवून सोंगट्या व कवड्या पुन्हा लोकांच्या हाती दिल्या.

आपल्या मराठी घरांतही अशा पटांची जुनी ओळख आहे. ‘मोक्षपट’ हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. आज पाहावयास मिळणारे पट मात्र त्यांच्या काळाच्या पुष्कळ नंतरचे आहेत. डेन्मार्कचे संशोधक याकोब श्मिट-मॅडसेन यांनी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारताच्या या पटांवर २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास प्रबंध सादर केला. पटावर सद्‌गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत. दान पडेल तसे चढावे किंवा घसरावे. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, तेथेही प्रारंभी त्यावर सद्‌गुण व दुर्गुण छापले जात. पुढे नावे गळाली आणि उरली ती निव्वळ सापशिडी.

ख्रिस्ती समाजातही असे प्रयत्न झाले. अमेरिकेतील सेलम या गावी १८४३ मध्ये ‘मॅन्शन ऑफ हॅपिनेस’, म्हणजे सुखाचा वाडा, या नावाचा पट छापला गेला. मूळ खेळ इंग्लंडातील, १८०० सालचा. नागमोडी वाटेवर प्रामाणिकपणाचे घर लागले की पुढे जावयाचे, शब्बाथ मोडला की फटके खाण्यास मागे जावयाचे! फाशांचा जुगाराशी संबंध म्हणून त्यांऐवजी बोटांनी फिरवावयाचा एक भोवरा वापरीत. हेतू उत्तम होता यात शंका नाही.

परंतु या सर्व पटांत एक मोठी उणीव आहे, आणि तिच्याकडे लक्ष दिल्याखेरीज आपल्या विषयाचे मर्म हाती लागणार नाही. सापशिडीत खेळणाऱ्याला निर्णय असा एकही घ्यावयाचा नसतो. फासा पडला, सोंगटी सरकली, साप लागला. सत्याच्या घरात पोहोचणारा सत्यनिष्ठ नसतो आणि लोभाच्या घरात पडणारा लोभी नसतो. त्यांना फक्त तेवढे दान पडलेले असते. असा खेळ मुलांना सद्‌गुणांची नावे शिकवील, दुर्गुणांचे परिणामही सांगेल, पण निवड करणे शिकविणार नाही. नकळत तो उलटच शिकवण देऊ शकतो: चांगुलपणा हा नशिबाचा भाग आहे! (मुलांच्या पुष्कळशा धर्मशिक्षणाचीही हीच गत असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पट सुंदर रंगविलेला असतो, आणि फासा नेहमी शिक्षकाच्या हाती असतो.)

१८६० साली मिल्टन ब्रॅडली या अमेरिकी छापखानदाराने ‘चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ हा खेळ काढला, त्यात मात्र एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. भोवऱ्यावर जो अंक येई, तो कोणकोणत्या दिशांनी जाता येईल एवढेच सांगे. कोठे जावयाचे हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. परिस्थिती आपल्या हातची नाही, पण त्या परिस्थितीतील पाऊल आपले आहे, हे त्या चौकटींत आले.

मारल्याशिवाय आत नाही

वास्तविक ही गोष्ट आपल्या चौकाबाऱ्यात फार पूर्वीपासून आहे. म्हैसूरकडे याच नावाने, आणि आपल्याकडे गावोगाव निरनिराळ्या नावांनी हा खेळ चालतो. पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. फुली मारलेल्या घरात सोंगटी सुरक्षित. कवड्यांचे दान दैवाचे. मात्र चारपैकी कोणती सोंगटी हलवावयाची हे आपले. पुढे गेलेलीला घरी न्यावी की मागे अडकलेलीला सोडवावे? समोरच्याची सोंगटी मारण्याची संधी आहे. मारावी, की फुलीवर जाऊन सुरक्षित बसावे? अर्ध्या घटकेत मनुष्य अशा वीस-पंचवीस निवडी करतो, आणि प्रत्येक निवडीत त्याचा स्वभाव थोडाथोडा पटावर उतरतो. धाकट्या भावाची सोंगटी मारताना ज्याचा हात घुटमळतो तो मुलगा आणि मुद्दाम तिच्याच मागे लागणारा मुलगा यांची ओळख आईला शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून होणार नाही, ती येथे होते.

या खेळाचा एक नियम पुष्कळ घरांत पाळला जातो: निदान एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या वाटेवर प्रवेश नाही. म्हणजे दुसऱ्याला माघारी धाडल्याशिवाय आपणांस घरी जाता येत नाही! एखाद्या संध्याकाळी मुलांना हा नियम विचारार्थ द्या. तो का असेल? तो नसता तर खेळ कसा झाला असता? शाळेत, कचेरीत, पदोन्नतीच्या यादीत हा नियम चालतो का? आणि मग नियम काढून एक डाव खेळून पाहा. बहुधा मुले म्हणतील, “मजा नाही येत.” तेही उत्तर मोलाचे आहे, त्यावर रागावू नये.

नियम बदलला की तोच मनुष्य निराळा वागू लागतो, हे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने ओळखले होते. तिने १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळविले. जमिनीच्या मालकीतून काही थोडे लोक श्रीमंत व बाकीचे कंगाल कसे होतात हे दाखविणे हा तिचा हेतू. पुढे तिने त्याला नियमांची दुसरी जोडही दिली. त्या नियमांनी खेळल्यास एकाच्या वाढीचा लाभ सर्वांना मिळे. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने ‘मोनॉपली’ बाजारात आणली तेव्हा दुसऱ्यांना कंगाल करून जिंकण्याचे तेवढे नियम टिकले. आपल्या घरांतील ‘व्यापार’ हा त्याच घराण्यातला. उन्हाळ्याच्या सुटीत चुलत-मावस भावंडांनी मांडलेला व्यापार आठवून पाहा. दिवाळे निघालेल्या बहिणीला कर्ज देणारे कोण असे, आणि भाडे मोजून घेणारे कोण?

हाताला काय कळते?

आता कोणी म्हणेल, हे सर्व चर्चेनेही साधेल; मांडामांड कशाला? या प्रश्नाचे उत्तर बालशिक्षणाने दिले आहे. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथे राहिल्या. हाताने केलेले काम हेच बालकाच्या बुद्धीचे दार, असा त्यांचा सिद्धान्त. त्यापूर्वीच गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र उभारले, ते १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी तेथे आयुष्य वेचले. आदिवासी मुलांसाठी परदेशी, महागडी साधने कोठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. विकत आणलेल्या खेळण्याने जे साधते ते बियांनीही साधते, ही त्यांची देणगी आपणांस लगेच उपयोगी पडणार आहे.

प्रौढांच्या बाबतीतही असा अनुभव नोंदला गेला आहे. लेगो या डॅनिश कंपनीने १९९० च्या दशकात, अडलेल्या कंपन्यांतील अधिकाऱ्यांनी ठोकळ्यांतून आपल्या अडचणीची प्रतिकृती करावी अशी पद्धत विकसित केली. २०१० मध्ये ती सर्वांस खुली केली. त्या पद्धतीतील एक शिस्त घेण्याजोगी आहे: प्रत्येकाने बांधावयाचे, आणि प्रत्येकाने बोलावयाचे. चर्चेत सहसा एकच मोठा आवाज घुमतो. बांधावयास बसले म्हणजे मितभाषी सुनेचाही ठोकळा टेबलावर दिसतो, आणि दिसलेली वस्तू कोणाला नाकारता येत नाही.

अठ्ठावीस चिंचोके

मनुष्य दिवसातून सुमारे १६ तास जागा असतो असे धरू. आठवड्याचे ११२ तास झाले. एका चिंचोक्यास ४ तास मोजले, तर प्रत्येकाच्या वाट्यास २८ चिंचोके येतात. प्रथम प्रत्येकाने, दुसऱ्यास न दाखविता, आपणांस सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या पाच गोष्टी पाच चिठ्ठ्यांवर लिहाव्या आणि त्यांचा क्रम लावून त्या पालथ्या ठेवाव्या. तद्‌नंतर जमिनीवर खडूने घरे आखावी: नोकरी अथवा शाळा, स्वयंपाक व घरकाम, प्रार्थना व मंडळी, आप्त, करमणूक, आणि आपापल्या गरजेनुसार आणखी काही. आता गेल्या आठवड्यात वेळ खरोखर जसा गेला तसे चिंचोके घरांत ठेवावे. जसा जावयास हवा होता तसा नव्हे. शेवटी चिठ्ठ्या उलटाव्या.

उदाहरणादाखल एका कुटुंबाची कल्पना करू. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये, कुक्करहळ्ळी तलाव व विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर जेथून जवळ आहे अशा त्या वसाहतीत, मिरजेहून नोकरीनिमित्त आलेले एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहते असे समजा. पती बँकेत, पत्नी शिक्षिका, मुलगा अकरावीत. पतीचे वडील, वय ७६, मिरजेस एकटे आहेत. आजी दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेल्या. घर दोन खोल्यांचे. आजोबांना म्हैसुरास आणावे की न आणावे, यावर वर्षभर बोलणे चालले आहे, आणि प्रत्येक वेळी ते मुलाच्या अभ्यासाच्या खोलीपाशी येऊन अडते. कुटुंब कल्पित आहे. त्याची अडचण आपल्यापैकी किती घरांत खरी आहे, हे वाचकांनी आपले आपण पाहावे.

तर हे कुटुंब एका रविवारी संध्याकाळी चिंचोके घेऊन बसते. पतीची मांडणी होते ती अशी: नोकरी व जाणेयेणे १४, दूरदर्शन व मोबाइल ५, कुटुंबासह जेवण ३, बाजार व घरकाम ३, मित्रमंडळी २, उपासना १. एकूण २८. चिठ्ठ्या उलटल्या तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेले असते, ‘बाबा’. बाबांचे घर खडूने आखलेले आहे, पण त्यात चिंचोका नाही. दर रविवारी १५ मिनिटे फोन होतो. तो एका चिंचोक्याचा सोळावा हिस्सा! यावर कोणी काही बोलत नाही. बोलण्याची गरजही नसते.

मग काड्यापेट्यांनी घराचा नकाशा मांडला जातो. खाट येथे, कपाट तेथे, मुलाचे टेबल खिडकीपाशी. आजोबांची काड्यापेटी कोठे ठेवावी? मुलगा ती उचलून सगळीकडे ठेवून पाहतो, आणि सहज विचारतो, “आजोबांचे अठ्ठावीस चिंचोके कोणी मांडायचे, पप्पा?”

वर्षभराच्या बोलण्यात हा प्रश्न एकदाही निघाला नव्हता. ‘बाबांना आणावे’ या वाक्यात बाबा हे कर्म होते. कर्ता कोणी निराळेच.

पुढच्या सुटीत ते तिघे मिरजेस जातात. म्हैसूरहून हुबळी-बेळगाववरून जाणारी गाडी, एक रात्र आणि वर काही तास. आजोबा प्रथम हसतात, नंतर चष्मा पुसून मांडावयास बसतात. स्वयंपाक व जेवण ६, शेजारच्या मुलांना गणित शिकविणे ५, बाग ४, प्रार्थना व देवालय ४, जुन्या सहकाऱ्यासोबत फिरणे ४, वाचन व रेडिओ ४. एक चिंचोका हातात उरतो. तो ते एका नव्याच घरात ठेवतात.

“हे कशाचे, बाबा?”

“तुझ्या फोनची वाट पाहायचे.”

पंधरा मिनिटांच्या फोनसाठी चार तासांची प्रतीक्षा. पण पटाने दुसरीही गोष्ट दाखविली आहे. आजोबांच्या २८ पैकी निदान १३ चिंचोके मिरजेच्या मातीत, मिरजेच्या माणसांत आहेत: ती मुले, ती बाग, तो सहकारी. म्हैसुरास आणणे हा आदर, असे मुलगा समजत होता. येथे तर आणणे म्हणजे वृद्धाच्या हातून १३ चिंचोके काढून घेणे ठरत होते. दुसऱ्या बाजूस, रात्री पाय घसरून पडले तर पाणी द्यावयास कोणी नाही, हेही खरेच आहे. खेळाने हा प्रश्न सुटला नाही. परंतु तो ‘खोली कोणाची’ येथून निघून ‘बाबांचे आयुष्य कोणाचे’ येथे आला, आणि त्यावर प्रथमच आजोबांसमक्ष बोलणे झाले. ठरले ते एवढे: आजोबांनी तूर्त मिरजेसच राहावे, शेजाऱ्यांकडे एक किल्ली असावी, फोन रोज रात्री आठ वाजता व्हावा, पतीने करमणुकीच्या पाचांतून दोन चिंचोके उचलून महिन्यातून एकदा येण्यासाठी साठवावे, मे महिन्यात नातवाने येथे राहावे, आणि दिवाळीच्या सुटीत पुन्हा सर्वांनी मिळून पट मांडावा, कारण गुडघे काही दरवर्षी बरे होत जाणार नाहीत.

प्रभू येशूने मार्काच्या सातव्या अध्यायात कोणाला दोष दिला हे येथे आठवते. जे आईबापांना मिळावयाचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून मोकळे होत, त्यांना. त्यांच्या चिठ्ठ्यांचा क्रमही मोठा धार्मिक दिसला असता.

काही धोके

ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि जो ते इतरांकडून वदवून घेऊ पाहतो, त्याने हा पट मांडू नये. मुलांना हे चटकन उमगते. “बघ, तुझे किती चिंचोके मोबाइलवर!” असे बापाने एकदा म्हटले, की पुढील वेळी मुलगा चिंचोके खोटे मांडील, आणि खोटे मांडण्याचा सराव आपण त्याला घरबसल्या दिला असे होईल. म्हणून मोठ्यांनी आपली मांडणी प्रथम करावी. लहानांनी प्रश्न विचारावे. मांडणीवर शेरा मारण्याचा अधिकार ज्याची त्याला असावा.

दुसरे असे की, खेळात खरी बोली लागली की तो खेळ राहत नाही. महाभारतातील धर्मराजाची कथा आपण जाणतो; धर्माविषयी ज्याच्याहून अधिक जाणणारा कोणी नव्हता, त्याने पटावर राज्य लावले, भावांना लावले, पत्नीस लावले. पैजेच्या भरात विवेक गप्प बसतो. आपल्या पटावर चुकीची किंमत एका चिंचोक्याची असावी, म्हणजे चूक उघडपणे पाहण्याचे धैर्य होते. तरुण संघात हा पाठ घेणाऱ्यांनी गुण, क्रमांक, बक्षिसे ठेवू नयेत. ‘सर्वांत आध्यात्मिक मांडणी’ असे बक्षीस तर मुळीच ठेवू नये.

आणि सर्वच मोल वेळात मोजता येत नाही. लाच न घेण्यास एक क्षण पुरतो. क्षमा करण्यास किती चिंचोके लागतात हे कोण सांगेल? अशा गोष्टींसाठी नाथानाची रीत बरी: आपल्यासमोरची अडचण नावगाव बदलून तीन-चार वाक्यांच्या गोष्टीत मांडावी, पात्रांच्या जागी भांडी-वाट्या ठेवाव्या, आणि घरातल्यांनी निवाडा द्यावा. समजा एक कारकून आहे. साहेबाने त्याला मागची तारीख घालून कागदावर सही करण्यास सांगितले आहे. घरी बहिणीचे लग्न ठरले आहे. वाटी उचलून कोणत्या बाजूस ठेवाल? ज्याची ती गोष्ट असेल त्याने शेवटी बोलावे, किंवा बोलूही नये.

जे वाचक एकटे राहतात त्यांनाही हा पट मांडता येईल. त्यांनी चिंचोके मांडून तसेच रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी, बाहेर पडण्यापूर्वी, उभ्यानेच एकदा पाहावे. रात्री जी मांडणी योग्य वाटली तीत सकाळी हात घालावासा वाटतो का, ते ध्यानात घ्यावे. एक चिंचोका हलविला तर तो कोणत्या दिवसाच्या कोणत्या चार तासांचा, हे तारखेसह दिनदर्शिकेवर लिहावे. चिंचोके न मिळाल्यास तुरीचे अथवा वालाचे दाणे चालतील. मात्र मोजून अठ्ठावीसच घ्यावे, कारण एकोणतिसावा दाणा कोणाच्याच आठवड्यात नसतो.